पोटगीचा आदेश झाला, पुढे काय?



तालुक्याच्या कोर्टासमोर एका वकीलताईंचं छोटं ऑफिस आहे. तिथे मी बायकांचे अर्ज लिहायला बसते. आदेशाचा कागद पिशवीत जपून ठेवलेल्या कितीतरी जणी येतात. म्हणतात, “ताई, कोर्टानं पोटगी दिली, पण त्यानं एक पैसा दिला नाही.”

१ जुलै २०२४ पासून कलम १२५ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ आलं. जुनी अट मात्र तशीच आहे. रक्कम थकल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. ‘आज देईल, उद्या देईल’ करत, नातेवाइकांच्या बैठकांत ते वर्ष निघून जातं.

दुसरी गोष्ट. नवरा तुरुंगात जाऊन आला म्हणजे थकबाकी फिटली, असं होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच हे स्पष्ट केलं आहे.

म्हणून आदेश मिळाला की आपल्या संघटनांनी फाईल बंद करू नये. प्रत्येकीची महिन्याची थकबाकी वहीत लिहावी, आणि वर्ष भरण्याआधी तिच्यासोबत कोर्टात जावं.