जो समोर नाही, त्याच्याविषयी

(रेडिओवरील भाषण)



भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायाच्या आरंभी श्रीकृष्ण अर्जुनाला दैवी संपत्ती सांगतात. तीन श्लोकांत 26 गुण येतात. अभय, दान, तप, अहिंसा, सत्य, त्याग, क्षमा ही त्यांतली काही नावे. ती ऐकली की मनात आदर दाटतो आणि पाठोपाठ वाटते, हे साधुसंतांना शोभते. आपल्यामागे प्रपंच आहे, नोकरी आहे, शेतीची कामे आहेत. एवढे सगळे आपल्याच्याने कसे व्हायचे? असे वाटणाऱ्या प्रत्येकाला मला याच यादीतला एक गुण दाखवायचा आहे. शांती आणि दया या दोन थोर गुणांच्या मध्ये तो बसला आहे. त्याचे नाव अपैशुन. म्हणजे चहाडी न करणे.

अहिंसा आणि सत्य यांच्या पंगतीला याला जागा मिळावी, याचे प्रथम नवल वाटते. पण आपला कोणताही एक दिवस डोळ्यांसमोर आणा. सर्वस्वाचा त्याग करायची वेळ आपल्यावर क्वचितच येते. कोणाविषयी तरी त्याच्या पाठीमागे बोलण्याची संधी मात्र सकाळच्या चहापासून रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत कितीदा तरी येते. गावाच्या पारावर, कार्यालयाच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या जिन्यात, लग्नाच्या मांडवात आणि आता व्हॉट्सॲपच्या गटांत. जाऊबाई काय म्हणाल्या, शेजाऱ्यांच्या घरी काल आवाज कसला होता, साहेबांची मर्जी कोणावर आहे. यात थोडे खरे असते, थोडे ऐकीव असते आणि वरून लावलेले तिखटमीठ असते. अशा बोलण्याने सख्ख्या भावांत अबोला धरला जातो, सरळ माणसाची बढती अडते, एखाद्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडते. घाव कोणी घातला हे ज्याच्यावर तो पडतो त्याला कळतही नाही, म्हणून आपली बाजू मांडण्याची सोयही त्याला उरत नाही. ही जिभेने केलेली हिंसाच आहे. गीतेने या गुणाला वरच्या पंगतीत बसवले, ते उगीच नाही.

ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये नेवाशाला गीतेवरची टीका पूर्ण केली. सोळाव्या अध्यायात ते या 26 गुणांपैकी एकेकापाशी थांबतात आणि अपैशुनापाशी आले की चहाडी करू नका एवढे सांगून पुढे जात नाहीत. चिखलात गाय रुतलेली दिसली, तर ती दुभती आहे की भाकड, हे कोणी विचारत बसत नाही, आधी तिला बाहेर काढतो. बुडणाऱ्याची जात विचारून कोणी हात देत नाही. तसेच दुसऱ्याच्या उणिवेकडे पाहावे, असे माउलींचे सांगणे आहे. समोरच्यात काही कमी दिसली, तर ती आपल्यापाशी असलेल्या गुणाने आधी भरून काढावी आणि मग त्या माणसाकडे नजर टाकावी. किती मोठी ही झेप आहे! आपण समजतो, तोंड बंद ठेवले की झाले. ज्ञानेश्वर म्हणतात, तोंड बंद ठेवून भागत नाही, हात पुढे करावा लागतो. चहाडी सोडण्यापासून सुरू झालेली वाट अशी दयेपर्यंत जाते, आणि यादीत पुढचा गुण दयाच आहे.

ही शिकवण जगलेला माणूस आपल्याच महाराष्ट्रात होऊन गेला. गाडगे महाराज एखाद्या गावात जात, तेव्हा तिथली घाण त्यांना दिसत असे. पण हे गाव किती गलिच्छ आहे, हे त्यांनी पुढच्या गावात जाऊन सांगितले नाही. खराटा उचलला आणि रस्ते झाडायला सुरुवात केली. दिवसभर हाताने गावाची उणीव भरून काढायची आणि रात्री त्याच गावकऱ्यांसमोर कीर्तनाला उभे राहायचे. त्या कीर्तनात ते मुळीच भीड ठेवत नसत. दारू, कर्ज काढून केलेले सण, देवापुढे पशूंचे बळी, शिवाशीव, या साऱ्यांवर ते सडकून बोलत. पण ज्यांच्याविषयी बोलायचे, ते श्रोते समोर बसलेले असत, आणि ज्याने दिवसभर आपली गटारे उपसली, त्याचे कडक बोलही लोक ऐकून घेत.

म्हणजे अपैशुनाचा अर्थ दोष झाकून ठेवणे असा होत नाही. अन्याय दिसत असताना गप्प बसणे ही सज्जनता नव्हे. प्रश्न बोलायचे की नाही असा नाहीच. कोणाशी बोलायचे आणि कोणत्या हेतूने बोलायचे, हा आहे. तक्रार असेल तर ती ज्याच्याविषयी आहे त्याच्याकडे, किंवा ज्याला ती दूर करता येईल त्याच्याकडे न्यावी. मूल छळाविषयी आईला सांगते, सून आपल्यावरच्या अत्याचाराविषयी पोलिसांना सांगते, कामगार गैरव्यवहाराविषयी वरिष्ठांना सांगतो, ही चहाडी नाही. ते सत्य आहे, आणि ते बोलायला धैर्य लागते.

धैर्याचा उल्लेख आला आणि आपण यादीच्या पहिल्या गुणापाशी पोहोचलो. तो गुण आहे अभय. आपण पाठीमागे का बोलतो, याचा शोध घेतला तर बहुतेक वेळा तळाशी भीती सापडते. तोंडावर बोललो तर संबंध बिघडतील, साहेब डूख धरतील, चारचौघांत वाईटपणा येईल, ही भीती. समोर बोलायची छाती नसते आणि मनातली सल राहू देत नाही, म्हणून तिसरा कान शोधला जातो. त्या तिसऱ्या कानापाशी मन क्षणभर हलके होते. मूळचे दुखणे तसेच राहते. म्हणून ज्याला चहाडी सोडायची आहे, त्याला थोडे निर्भय व्हावेच लागते.

1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. साने गुरुजी त्यांच्याबरोबर त्याच तुरुंगात होते आणि ती प्रवचने ते उतरवून घेत. सोळाव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. गुणांच्या या सेनेच्या आघाडीला अभय आहे आणि पिछाडीला नम्रता. पुढे निर्भयता नसेल तर कोणताच गुण वाढत नाही, आणि मागे नम्रता नसेल तर कमावलेले गुण अहंकार लुटून नेतो.

ती प्रवचने टिपून घेणाऱ्या साने गुरुजींनी पुढे या दोन्ही टोकांची कसोटी दिली. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून ते आधी महाराष्ट्रभर हिंडले, गावोगावच्या लोकांशी बोलले, आणि 1947 च्या मे महिन्यात पंढरपुरात त्यांनी आमरण उपोषण केले. विरोध करणाऱ्यांच्या गावात जाऊन त्यांनी आपले म्हणणे उघडपणे मांडले आणि क्लेश स्वतःच्या देहाला दिले. मंदिराचे दार उघडले.

श्रोतेहो, आपल्या वाट्याला पंढरपूरचे उपोषण येणार नाही. आपल्या वाट्याला येतो तो जेवणाच्या ताटावर निघालेला शेजाऱ्यांचा विषय. तिथे काय करता येईल? पहिली गोष्ट, जो समोर नाही त्याच्याविषयी बोलताना तो समोर बसला आहे असे धरून बोलावे. जे त्याच्यादेखत म्हणू शकत नाही, ते त्याच्यामागे म्हणू नये. दुसरी गोष्ट, कोणाबद्दल खरोखर सल असेल, तर राग निवाल्यावर त्याला एकट्याला गाठून ती सांगावी. चारचौघांत सांगितले की तो चूक विसरतो आणि अपमान लक्षात ठेवतो. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चहाडीला ऐकणारा लागतो, आणि ऐकणाऱ्याचाही तिच्यात वाटा असतो. कोणी आपले कान भरू लागले, तर त्याचा पाणउतारा न करता म्हणावे, ‘हे तुम्ही त्यांच्याशीच बोला ना. हवे तर मी बरोबर येतो.’ या दोन वाक्यांत सत्य आहे, मार्दव आहे आणि मदतीची तयारीही आहे. मोबाइलवर कोणाच्या बदनामीचा मजकूर आला, तर तो पुढे न पाठवणे हेही आजचे अपैशुनच.

घरात लहान मुले असतील, तर ही दक्षता दुप्पट घ्यावी. पाहुणे येतात, त्यांचे हसून स्वागत होते, आणि दार लागताच त्यांना नावे ठेवायला सुरुवात होते. मूल हे सारे पाहते. कोणी काही शिकवले नाही तरी ते शिकते की, समोर एक बोलायचे असते आणि मागे दुसरे. त्याच मुलाला आपण नंतर खरे बोलायला सांगतो! उलट, आईवडील गैरहजर माणसाबद्दलही आदराने बोलत असतील, तर त्या मुलाला वेगळा संस्कारवर्ग लागत नाही. शिवाय त्याच्या मनात एक विश्वास रुजतो की, आपल्या माघारीही आपल्या घरात आपल्याविषयी चांगलेच बोलले जाते.

एक सावधगिरी मात्र ठेवायला हवी. चौथ्या श्लोकात आसुरी संपत्ती सांगितली आहे आणि तिच्यात पहिला दोष आहे दंभ. हा दोष नेमका सद्गुणांच्या मागे लागणाऱ्यांनाच गाठतो. ‘मी कधीच कोणाची निंदा करत नाही, हे इतर लोक मात्र फार करतात,’ असे मनात आले, की तीही निंदाच झाली. म्हणून तर यादीच्या शेवटी नम्रता पहारा देत उभी आहे.

हा सगळा विचार ऐकून कोणाला दडपण येईल. अर्जुनालाही आले असावे, कारण दोन्ही याद्या संपल्याबरोबर पाचव्या श्लोकात भगवंत त्याला धीर देतात. शोक करू नकोस, तू दैवी संपत्ती घेऊनच जन्माला आला आहेस, असा त्या आश्वासनाचा आशय आहे. ते आश्वासन केवळ कुरुक्षेत्रावरच्या योद्ध्यापुरते आहे असे मी मानत नाही. ते आपल्या प्रत्येकासाठी आहे. बीज आपल्यात आहेच, त्याला रोजच्या वागण्यात वाव द्यायचा आहे. 26 गुण एकदम अंगी आणायचा संकल्प करू नका. आज दिवसभरात ज्या माणसाविषयी तुमच्यासमोर वाईट बोलले जाईल, त्याची एक खरी, चांगली गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तर ती तिथल्या तिथे सांगा. आणि कोणाबद्दल मनात काही साचले असेल, तर आज त्याच्याच घरी जा आणि त्याच्याशीच बोला.