उघडता येतं ते आपलं

कोणी इंदूरहून ऐकत असेल, कोणी बडोद्याहून, कोणी हैदराबादहून. मी मैसूरला असतो. फौजेत सिग्नल्समध्ये नोकरी झाली. सुरुवातीला तारा आणि वायरलेस, शेवटी शेवटी संगणक. आता माझ्या टेबलावर दोन गोष्टी कायम असतात: २०१३ सालचा एक लॅपटॉप आणि हाताने फिरवायची कॉफीची चक्की. मुलं म्हणतात, बाबांना दोन वेडं आहेत. माझ्या मते वेड एकच आहे. ते कोणतं, हे आज सांगतो.

रंगरूट भरती झाला की त्याला रायफल खोलायला आणि जोडायला शिकवतात. आधी उघड्या डोळ्यांनी, मग डोळ्यांवर पट्टी बांधून. युनिटमध्ये दुरुस्तीला आर्मरर असतो, मग हा खटाटोप कशासाठी? कारण रात्री दोन वाजता चौकीवर आर्मरर नसतो. वस्तू हातात असणं वेगळं आणि ताब्यात असणं वेगळं. जी उघडून बघता येते, ती ताब्यात. बाकीच्या वस्तू आपल्याकडे फक्त ठेवलेल्या असतात.

आता संगणकाकडे येऊ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. जुन्या यंत्रांत ते नाही. म्हणजे चालू, धडधाकट यंत्र एका तारखेला म्हातारं ठरलं. आम्हा निवृत्तांना ही भावना ओळखीची आहे!

माझ्या लॅपटॉपमध्ये मी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट घातलं. रॅम तीच, ४ जीबी. मेल, बँकेचं काम, व्हिडिओ कॉल, मराठी टायपिंग, सगळं होतं.

हे लिनक्स आलं कुठून? १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन प्रोग्रामरने जीएनयू प्रकल्प जाहीर केला. त्याचं म्हणणं चार हक्कांत मावतं. प्रोग्राम हवा तसा वापरता यावा. तो कसा चालतो हे बघून बदलता यावा. दुसऱ्याला देता यावा. बदललेलाही देता यावा. पुढे ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टम लिहितोय, असं जाहीर केलं. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात त्याच लिनक्सचा गाभा आहे, आणि जगातल्या सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांवरही तेच चालतं. इंग्रजीत ‘फ्री’ म्हटलं की फुकट की मोकळं, हा घोळ होतो. मराठीत होत नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. ही मुक्त वस्तू आहे.

कोणी म्हणेल, साहेब, आम्हाला कुठे प्रोग्राम उघडून बघायचाय? त्याचं उत्तर एका हकिकतीत देतो.

आमच्या युनिटचे एक सुभेदारसाहेब, मूळचे सातारा जिल्ह्यातले, निवृत्तीनंतर महूला स्थायिक झाले. १९७१ च्या लढाईच्या आठवणी त्यांनी मुलीला तोंडी सांगितल्या होत्या, आणि १९९९ साली त्या संगणकावर टाईप करून घेतल्या होत्या. सत्तर पानं. साहेब गेले. छापील प्रत पावसात भिजली. मुलीने जुनी फाईल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं. तिने मला फोन केला, “काका, बाबांचं सगळं गेलं का हो?”

गेलं नव्हतं. त्या काळी मराठीचे बरेच फाँट असे होते की, फाईलमध्ये साठायची इंग्रजी अक्षरंच. फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवायचा. फाँट गेला की मराठी गेली. प्रत्येक फाँटची मांडणीही निराळी. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, म्हणून तिथे ही पंचाईत येत नाही.

असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे मुक्त प्रोग्राम आहेत. त्यातला एक घेतला. आत एक साधी यादी असते: या चिन्हाच्या जागी हे अक्षर. शिवाय काही नियम. ऱ्हस्व वेलांटी आधी काढली जाते, पण युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात; रफाराचं याच्या उलट. नव्वद टक्के मजकूर पहिल्या फेरीतच आला. पण ‘द्ध’ दर वेळी तुटत होता. आता लढाईच्या आठवणींत ‘युद्ध’ हा शब्द किती वेळा येईल, सांगा! यादी उघडी होती. मी त्या फाँटचं चिन्ह शोधलं, एक ओळ वाढवली, आणि सत्तर पानांतली सगळी युद्धं एका क्षणात दुरुस्त झाली. प्रोग्राम बंद पेटीतला असता तर मी फक्त हळहळलो असतो.

त्या रात्री मुलीने ती पानं आपल्या लेकाला वाचून दाखवली. नातवाला आजोबा प्रथमच सलग ऐकायला मिळाले. पुढच्या पिढीला आपलं लिहिलेलं वाचता येईल की नाही, एवढा मोठा हा प्रश्न आहे.

आता कॉफी. बाबा बुडन यांनी येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी इकडे आख्यायिका आहे. कुर्गचे मळे आमच्या घरापासून अडीच-तीन तासांवर. तरीही कित्येक वर्षं आम्ही कॉफी म्हणजे पुड्यातली पावडर एवढंच समजत होतो. त्या पुड्यावर बारीक अक्षरात चिकोरीचं प्रमाण छापलेलं असतं. कधी वाचलंय? चिकोरी वाईट नाही. फिल्टर कॉफीचा तो दाटपणा अनेकांना आवडतो. पण आपण काय पितो ते ठाऊक असावं.

माझी पद्धत सांगतो. भाजल्याची तारीख छापलेले दाणे घ्यावेत, शक्यतो महिन्याच्या आतले. आयत्या वेळी दळावेत. १५ ग्रॅम कॉफी, २४० ग्रॅम पाणी. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबावं. आधी फक्त ३० ग्रॅम पाणी ओतावं. कॉफी फुगते, बुडबुडे येतात. भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो. अर्धा-पाऊण मिनिटाने उरलेलं पाणी हळूहळू ओतावं. कडवट झाली तर जरा जाड दळावं, आंबट आणि पाणचट झाली तर बारीक. पण एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दळण, पाणी, वेळ तिन्ही एकदम बदललंत तर काही कळणार नाही. वायरलेस सेट बिघडला की आम्ही हेच करायचो. बायकोला मात्र पितळी फिल्टरचं डिकॉक्शन आणि भरपूर दूधच लागतं. तिची कॉफी उत्तम होते, कारण तिचा हात वीस वर्षं मोजून बसलेला आहे.

लिनक्सवर सगळं चालतं असं मी म्हणणार नाही. एखादा प्रिंटर रुसतो, डिजिटल सहीचं एखादं टोकन हटून बसतं. ज्यांचं कामच एखाद्या ठरावीक सॉफ्टवेअरवर आहे, त्यांनी यंत्र बदलण्याआधी ते तपासावं.

आता तीन कामं, या आठवड्यात करण्याजोगी. पहिलं, जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. आहे ते न पुसता असं करता येतं. आवडलं तर आधी बॅकअप, मग इन्स्टॉल. दुसरं, घरात जुन्या फाँटमधलं मराठी लिखाण असेल, आजीच्या ओव्या, वडिलांची पत्रं, तर ते युनिकोडमध्ये आणून दोन ठिकाणी ठेवा. तिसरं, रोजच्या वापरातली एक तरी वस्तू निवडा आणि ती कशी चालते ते शिका. कुकरची शिट्टी असो, मिक्सर असो, कॉफी असो.

साठीनंतर शरीराच्या बाबतीत आपल्याला इतरांवर थोडं विसंबावं लागतंच. वस्तूंच्या बाबतीत तरी ते जमेल तितकं पुढे ढकलू.

जय हिंद.