सुगरणीचे अर्धे घरटे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



काही वर्षांपूर्वी आपल्या गणेशोत्सवात मखराभोवती सुगरणीची घरटी टांगली होती. गावाबाहेरच्या बाभळीवरून ती आम्हीच उतरवून आणली होती आणि आरास सर्वांनी वाखाणलीही. आरतीनंतर एका मुलाने विचारले, "काका, यांना तळाशी दोन दोन भोके का?" आम्हांस उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात जे हाती आले, तेच आज आपणांपुढे ठेवीत आहो.

आपण या पक्ष्यास 'सुगरण' म्हणतो खरे. पण घर विणतो तो नर. मराठीने मादीला हे श्रेय फुकटच दिले आहे. ते परत घेण्याचे काही कारण नाही, असे आमच्या सौ.चे मत!

पावसाळा लागला की नराच्या माथ्यावर व छातीवर पिवळा रंग चढतो. भाताचे किंवा उंच गवताचे पाते तो कडेला चोचीने चिरतो, चिरलेले टोक धरून उडतो आणि लांब पट्टी सोलून निघते. अशा शेकडो फेऱ्या होतात. प्रथम फांदीला गाठी, मग एक कडे, मग शिरस्त्राणासारखी घुमटी. घुमटीच्या तळाशी आडवी दांडी असते; तिच्या दोहों बाजूंची ती दोन भोके. येथवर आला की नर काम थांबवितो आणि पंख फडफडवून माद्यांस बोलावू लागतो.

पुढचा उलगडा आपल्याच कोकणात झाला. डॉ. सालिम अली १९३० साली जर्मनीहून परतले आणि अलिबागजवळ किहीम येथे राहून त्यांनी या पक्ष्यांची वसाहत न्याहाळली. मादी येते, अर्धे घर तपासते. पसंत पडले तरच तेथे राहते. मग नर एका बाजूस अंड्यांची खोली बंद करतो, दुसऱ्या बाजूस खाली लोंबणारी नळी विणतो, आणि लगेच दुसऱ्या घराच्या, दुसऱ्या मादीच्या मागे लागतो. नापसंत घर अर्धेच राहते.

दोन ते चार पांढरी अंडी एकटी आईच सुमारे पंधरा दिवस उबविते. पिले घरट्याबाहेर पडण्यास जवळजवळ तेवढेच दिवस लागतात. त्यांना किडे भरविण्याचा भारही बहुतेक तिच्यावरच. हे सारे पावसाळ्यात, भाद्रपदापर्यंत चाललेले असते.

म्हणजे मखरावरची बहुतेक घरटी नाकारलेली होती. पण त्यांत दोन लांब नळीची होती. विसर्जनानंतर आरास आवरताना त्यांतल्या एकातून फुटलेले पांढरे कवच निघाले. त्या वेळी आम्ही ते कोणास सांगितले नाही, आज सांगतो.

यंदाही सजावट समितीने आमच्याकडे घरटी मागितली आहेत. ती कार्तिकात आणू; रिकाम्या घरट्यांत कधी मनोल्या बिऱ्हाड थाटतात, म्हणून आत पाहूनच उतरवू आणि पुढच्या गणपतीसाठी माळ्यावर ठेवू. शिडी धरावयास त्या मुलास बोलावले आहे.