धर्मप्रसार आणि मातृभाषा



धर्म जगभर कसे पसरले, असा प्रश्न निघाला कीं दोन उत्तरें ठरलेलीं असतात. कोणी म्हणतो तलवारीनें, कोणी म्हणतो लोभानें. दोहोंतहि कांहीं सत्य आहे, हें इतिहासाच्या विद्यार्थ्याला नाकारतां येणार नाहीं. परंतु तलवार म्यानांत गेल्यावर आणि देणग्या आटल्यावरहि लोक शेंकडों वर्षें त्याच धर्माला कां धरून राहतात, याचा उलगडा या उत्तरांनीं होत नाहीं. त्याचें एक मोठें कारण भाषा हें आहे, असें मला वाटतें. तीन धर्मांच्या आधारें तेवढेंच आज आपल्यापुढें मांडावयाचें आहे.

प्रथम बौद्ध धर्म. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, तें दूर करतां येतें आणि तसें करण्याचा मार्ग आहे, ही त्याची मूळ शिकवण. विनयपिटकांत अशी कथा आहे कीं, ब्राह्मणकुळांत जन्मलेल्या दोन भिक्षूंनीं बुद्धवचनें छंदांत घालण्याची अनुज्ञा मागितली. बुद्धांनीं ती नाकारली व तीं वचनें आपल्या भाषेंत शिकण्यास सांगितलें. या वाक्याच्या अर्थाविषयीं पंडितांत मतभेद आहेत; पण पुढें घडलें काय, तें स्पष्ट दिसतें. इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत अशोकानें या देशांत लेख कोरविले ते संस्कृतांत नव्हेत, प्राकृतांत. त्यांत तत्त्वज्ञान थोडें आणि सदाचार अधिक आहे. त्यांपैकीं एकाचा तुकडा आपल्या सोपाऱ्यास १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सांपडला. कंदाहारला १९५८ सालीं सांपडलेला लेख तर ग्रीक आणि अरमाइक अशा दोन भाषांत आहे. कारण तेथील लोकांना त्या समजत. पुढें मध्य आशियांतील कुचा येथील कुमारजीव हा पंडित इ. स. ४०१ मध्यें चीनच्या चांगआन नगरीस पोंचला आणि मोठें मंडळ हाताशीं घेऊन त्यानें सद्धर्मपुंडरीकासारखे ग्रंथ चिनी भाषेंत उतरविले. हा धर्म घेऊन हिंदुस्थानचें सैन्य चीनमध्यें गेलें नाहीं. गेले ते व्यापारी, भिक्षु आणि भाषांतरकार.

आतां ख्रिस्ती धर्म. ईश्वर पित्यासारखा प्रेमळ आहे आणि येशूच्या मरणानें व पुनरुत्थानानें मनुष्य पापमुक्त होतो, ही त्याची श्रद्धा. येशू अरमाइक बोलत. परंतु शुभवर्तमानें लिहिलीं गेलीं तीं ग्रीक भाषेंत, कारण रोमन साम्राज्याच्या पूर्वभागांत बाजारापासून पाठशाळेपर्यंत तीच चाले. ३१३ सालीं या धर्माला मोकळीक मिळाली व ३८० सालीं तो राजधर्म ठरला. पण त्यापूर्वीं जवळजवळ तीन शतकें राजाश्रयावांचून तो वाढतच होता.

राजसत्ता आणि भाषा यांची गांठ गोव्याइतकी स्पष्ट क्वचितच दिसते. तेथें देवळें पाडलीं गेलीं आणि १५६० सालीं धर्मन्यायालय स्थापन झालें. त्याच गोव्यांत १५७९ सालीं थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट आला. नवख्रिस्तींच्या हातांतून त्यांचीं पुराणें गेलीं होतीं. त्यांच्यासाठीं त्यानें सुमारें अकरा हजार मराठी ओव्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ रचलें; तें १६१६ सालीं छापलें गेलें. ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवींत परका धर्म घरचा होऊन बोलूं लागला. पुढें १६८४ सालीं व्हाइसरॉयानें हुकूम काढला कीं लोकांनीं तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावी. परिणाम काय झाला? १९६१ सालीं पोर्तुगीज सत्ता गेली आणि १९८७ सालीं कोंकणी गोव्याची राजभाषा झाली. हुकुमानें देवळें पाडतां आलीं; चुलीपाशीं बोलली जाणारी भाषा पाडतां आली नाहीं.

आपण म्हणाल, इस्लामचें काय? ईश्वर एक आहे आणि महंमद हे त्याचे प्रेषित आहेत, ही त्याची मूळ श्रद्धा. कुराण हा अरबी भाषेंत उतरलेला ईश्वरी शब्द. म्हणून भाषांतर तें कुराण नव्हे, केवळ अर्थ, असें ते मानतात. नमाजहि सर्वत्र अरबींतच होतो. पैगंबर ६३२ सालीं निवर्तले आणि शंभर वर्षांच्या आंत अरबांचें राज्य स्पेनपासून सिंधपर्यंत गेलें. परंतु राज्य पसरणें आणि धर्म पसरणें या दोन गोष्टी आहेत. इराण व इजिप्त येथील बहुसंख्य प्रजा मुसलमान होण्यास त्यानंतर शतकें लागलीं. सुमात्रा-जावा बेटांवर तर अरब सैन्य कधीं उतरलेंच नाहीं. तेथें व्यापारी आणि सूफी पोंचले, अरबी प्रार्थनेचा अर्थ मलायी व जावानी भाषांत सांगितला गेला, आणि आज इंडोनेशियांत वीस कोटींहून अधिक मुसलमान आहेत. आपल्याकडे सूफी परंपरेंतील शेख महंमद श्रीगोंदेकर यांनीं ‘योगसंग्राम’ लिहिला तो मराठी ओवींतच.

अगदीं अलीकडचें उदाहरण नागपूरचें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं धम्मदीक्षा घेतली आणि लाखों अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मराठींत. ज्यांना शतकानुशतकें मंत्र ऐकण्याचीहि बंदी होती, त्यांनीं आपल्या धर्माचा शब्द स्वतःच्या तोंडानें, स्वतःच्या भाषेंत उच्चारला.

शाळेंत मीं पुष्कळ वर्षें इतिहास शिकविला. मुलांना लढायांच्या सनावळ्या चटकन् पाठ होत. भाषांतरकारांचीं नांवें मात्र आमच्या क्रमिक पुस्तकांत फारशीं नसत. त्यामुळें शेजाऱ्याचा धर्म म्हटला कीं मुलांच्या डोळ्यांपुढें त्याचा सेनापतीच उभा राहतो, त्याची प्रार्थना उभी राहत नाहीं. अशा समजुती मोठेपणींहि सुटत नाहींत, आणि दंगलीच्या दिवसांत त्यांची किंमत सर्वांनाच मोजावी लागते. यावर उपाय अवघड नाहीं. या तिन्ही धर्मांचे मुख्य ग्रंथ आज मराठींत वाचावयास मिळतात. शेजाऱ्याच्या श्रद्धेविषयीं मत बनविण्यापूर्वीं त्यांतील एखादा तरी आपण घरीं आणावा आणि मुलांसमवेत वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.