वरून लावायचे औषध



आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी चार शब्द बोलायला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देणे हे माझे काम नव्हे. पण माझ्या हातून झालेली चूक तुमच्या कोणाच्या हातून होऊ नये, म्हणून उभी राहिले आहे.

माझ्या सासूबाईंना कर्करोग होता. तो हाडांत उतरल्यावर वेदना सोसवेनात. डॉक्टरांनी फेन्टॅनिलची पट्टी दिली. पाठीवर चिकटवायची आणि तीन दिवसांनी बदलायची. त्यांना तिने आराम पडला. एका थंडीच्या रात्री त्या म्हणाल्या, "जरा पाठ शेक ग." मी गरम पाण्याची पिशवी नेमकी पट्टीवरच ठेवली. काही वेळाने पाहते तो हाका मारून त्यांना जाग येईना. श्वास अगदी मंद. तशाच त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पट्टी काढली, उताऱ्याचे इंजेक्शन दिले आणि दुसऱ्या दिवसापर्यंत लक्ष ठेवले. शेकाने औषध भराभर अंगात उतरते, आणि कातड्यात साठलेले औषध पट्टी काढल्यावरही कित्येक तास रक्तात जात राहते, असे ते म्हणाले.

मी रडत म्हटले, "पण औषध तर वरून लावले होते, पोटात कुठे दिले होते?" तेच माझे अज्ञान.

माझी भाची औषधशास्त्र शिकते. तिने मला माझ्या भाषेत समजावले. त्वचेचा सर्वांत वरचा थर केसाहून पातळ, पण भिंतीसारखा पक्का. पेशी या त्याच्या विटा आणि मधली स्निग्ध द्रव्ये हा चुना. फेन्टॅनिलसारखी बारीक कणांची, स्निग्धात विरघळणारी औषधे या चुन्यातून वाट काढतात. इन्सुलिनचा कण मोठा. त्याला वाट मिळत नाही, म्हणून मधुमेही माणसाला सुई टोचून घ्यावी लागते. रक्तात औषध पोचवणारी पहिली पट्टी अमेरिकेत १९७९ साली मान्य झाली. प्रवासात मळमळू नये म्हणून ती कानामागे लावायची होती.

आता शास्त्रज्ञ याहून पुढे गेले आहेत. सब्जा भिजत घातला की दाण्याभोवती बुळबुळीत गर धरतो ना? तसाच पाणी धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे हायड्रोजेल. तो त्वचा ओलसर ठेवतो आणि पोटातले औषध हळूहळू सोडतो. दुसरी युक्ती सूक्ष्म पिशव्यांची. आपल्या करंजीसारखीच ती. पारी स्निग्ध पदार्थाची, सारण औषधाचे. केसाच्या जाडीत अशा शेकडो मावतील! पारी आणि भिंतीतला चुना एका जातीचे, म्हणून औषधाला आत शिरणे सोपे जाते. साध्या पिशव्या बहुधा वरच्या थरांतच अडतात, म्हणून लवचिक पारीच्याही केल्या आहेत. नुसत्या पातळ द्रवातल्या पिशव्या अंगावरून ओघळतील, तेव्हा त्या जेलमध्ये कालवतात.

हे ऐकून मला कौतुक वाटले आणि धाकही वाटला. भिंतीला दार जितके सोपे, तितकी राखण जास्त हवी. म्हणून भगिनींनो, एवढे ध्यानात ठेवा. औषधाच्या पट्टीवर शेक देऊ नका. दुखते म्हणून आपल्या मनाने दुसरी पट्टी लावू नका. वापरलेल्या पट्टीतही औषध उरते. ती चिकट बाजू आत करून दुमडा, मुलांच्या हाती लागू देऊ नका आणि डॉक्टर सांगतील तशीच टाका. आणि शेजारणीला गुण आला म्हणून तिचे मलम आपल्या तोंडाला फासू नका.

सासूबाई त्यानंतर चार महिने होत्या. त्या आजाराने गेल्या, पण त्या रात्री माझ्या हातून गेल्या नाहीत, ही देवाची कृपा. जाईपर्यंत त्यांनी मला त्या रात्रीबद्दल एका शब्दानेही बोल लावला नाही. त्यांची आठवण म्हणूनच हे बोलले. चुकले असेल तर सांभाळून घ्या.