एस्प्लनेडहून हुगळीकाठी : सुट्टीतील प्रवासाची साधने

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून आम्ही ट्राम, आगगाडी आणि होडी यांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा परामर्श इतर वक्ते घेतीलच. परंतु दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत महाराष्ट्रातून आपल्याकडे पाहुणे येतात, आणि त्यांना कोठे न्यावे व कसे न्यावे, हा प्रश्न आपल्या घरोघरी उभा राहतो. बहुधा दाराशी मोटार बोलावली जाते, व्हिक्टोरिया, दक्षिणेश्वर, बेलूर असा फेरा होतो, आणि पाहुणे रसगुल्ल्यांचा डबा घेऊन परततात. हुगळी नदी त्यांनी पुलावरून जाताना काचेतून पाहिलेली असते, एवढेच. आमचे म्हणणे असे की, मनुष्य कोणत्या वाहनात बसतो यावर तो काय पाहणार हे पुष्कळसे अवलंबून असते.

जगातील पुष्कळशी रम्य स्थळे नदीकाठीच आहेत. फ्रान्समध्ये गारोन नदीवर बोर्दो हे द्राक्षासवासाठी विख्यात नगर आहे. आपल्या गोदाकाठच्या नाशकासही आता द्राक्षमळे पाहावयास लोक आवर्जून जातात. अशा प्रदेशी हिंडावयाचे तर स्वतः मोटार हाकणे सोयीचे नसते. आसव चाखावयाचे तर सुकाणू दुसऱ्याच्या हाती हवे, हे उघडच आहे. बोर्दोकरांनी १९५८ साली आपली जुनी ट्राम बंद केली होती. तीच त्यांनी २००३ साली नव्या रूपात परत आणली. आमच्या हुगळीकाठी द्राक्षे पिकत नाहीत. परंतु युरोपातील अनेक राष्ट्रांनी एकाच नदीच्या काठी आपापली नगरे वसवावीत, हा योग मात्र येथे जुळून आला आहे. हा सारा पट्टा मोटारीवाचून एका दिवसात पाहता येतो, आणि त्याचा आरंभ व शेवट दोन्ही एस्प्लनेडलाच होतात.

एस्प्लनेड म्हणजे आपल्या बोलण्यातील धर्मतल्ला. एका बाजूस शहीद मिनार, दुसऱ्या बाजूस टिपू सुलतान मशीद आणि मध्ये ट्रामचे आगार. विजेवर चालणारी येथील पहिली ट्राम २७ मार्च १९०२ रोजी याच एस्प्लनेडहून खिदिरपुरास निघाली. त्यापूर्वी १८७३ साली सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम काही महिने चालून बंद पडली होती. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी थांबली. त्यानंतर ट्रामची घंटा ऐकावयाची तर मुंबईकरास आपल्याच शहरी यावे लागले. परंतु २०२४ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने एस्प्लनेड-मैदान एवढाच मार्ग वारसा म्हणून राखून बाकीची ट्रामसेवा बंद करण्याचा मनोदय जाहीर केला, आणि हा वाद न्यायालयापर्यंत गेला. बोर्दोस जी चूक सुधारावयास पंचेचाळीस वर्षे लागली, ती आपण नव्याने करावी काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. पाहुण्यांच्या मुलांना मैदानाच्या हिरवळीकडेने ट्रामची एक फेरी अवश्य घडवावी. ती कोठे पोहोचविते हे महत्त्वाचे नाही; सावकाशपणाची गोडी ती शिकविते.

एस्प्लनेडहून दुसरे साधन भूमिगत आहे. भारतातील पहिली मेट्रो २४ ऑक्टोबर १९८४ रोजी एस्प्लनेड ते भवानीपूर धावली. मार्च २०२४ पासून नवी मेट्रो एस्प्लनेडहून हुगळीच्या तळाखालून हावड्यास जाते. नदीखालचा बोगदा सुमारे ५२० मीटरांचा असून तो पार करावयास पाऊण मिनिट लागते. नदी ओलांडली खरी, पण ती दिसली नाही! म्हणून आमची सूचना अशी की, जाताना नदीखालून जावे आणि येताना नदीवरून यावे.

हावड्यास बंडेल लोकल पकडावी. हा पूर्व भारतातील सर्वांत जुना रेल्वेमार्ग होय. बोरीबंदर-ठाणे गाडीनंतर सव्वा वर्षाने, १५ ऑगस्ट १८५४ रोजी हावडा ते हुगळी पहिली प्रवासी गाडी गेली. बंडेल सुमारे ४० किलोमीटरांवर आहे. प्रथम तेथवर जाऊन मग खाली उतरत यावे. स्थानकाबाहेर विजेवर चालणारी टोटो नावाची तिचाकी गाडी मिळते. वृद्ध मंडळींना ती फार सोयीची. बंडेलचे पोर्तुगीज चर्च, हुगळीचा घड्याळाच्या मनोऱ्याचा इमामवाडा आणि १८२५ साली इंग्रजांकडे गेलेले डचांचे चुंचुडा, ही सारी स्थळे टोटोच्या टप्प्यात आहेत.

पुढे चंदननगर. हे फ्रेंचांचे नगर १९५० साली भारताच्या ताब्यात आले आणि १९५४ साली पश्चिम बंगालमध्ये विलीन झाले. येथे मात्र वाहन सोडून द्यावे. नदीकाठचा स्ट्रँड पायीच चालावयाचा आहे. झाडांच्या सावलीत बाके आहेत, समोर पाण्याचे विशाल पात्र आहे. फ्रेंच नगर असले तरी येथे द्राक्षासवाची अपेक्षा करू नये. येथील कीर्ती जलभरा संदेशाची. त्याच्या पोटात गुलाबपाणी भरलेले असते. बेसावधपणे चावा घेणाऱ्या पाहुण्याचा सदरा भिजतो, आणि यजमानास तेवढीच करमणूक!

त्यानंतर श्रीरामपूर, आणि आमच्या भाषणाचे मर्म येथेच आहे. डेन्मार्कच्या राज्यकर्त्यांनी १७५५ साली वसविलेले हे नगर १८४५ साली इंग्रजांना विकले गेले. येथे विल्यम केरी यांच्या मुद्रणालयात १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून निघाले, १८१० साली मोडी लिपीतील शब्दांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८१४ साली सिंहासन बत्तिशी निघाली. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत, आणि वैजनाथ नावाचे मराठी पंडित त्यांचे साहाय्यक होते. पुण्यात अद्याप पेशवाई नांदत होती, आणि आपल्या भाषेची पुस्तके हुगळीच्या काठी छापली जात होती. श्रीरामपुरास जाऊन आलेला मराठी मनुष्य आपल्यात किती सापडेल?

याच नदीने आपले दुसरेही रूप पाहिले आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्कर पंडितांबरोबर बंगालात आले, आणि त्यांच्या धास्तीने कलकत्त्याभोवती मराठा खंदक खणण्यात आला. खंदक बुजला, बागबाजारात गल्लीच्या नावात तो उरला आहे. बंगाली अंगाईगीतांतून ‘बर्गी’ अजून येतात. आपले शेजारी हे हसत हसत ऐकवितात, आणि आपणही हसतो. परंतु लुटलेल्या खेड्यांचे दुःख त्या गीतांत आहे, हे आपण विसरू नये. त्या स्वारीनंतर त्रेसष्ट वर्षांनी त्याच नदीकाठी मराठीची अक्षरे जुळविली गेली. भाला आणि खिळा, दोन्ही आपल्याच वारशात येतात. पाहुण्यांना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

श्रीरामपूरच्या घाटावरून नावेने बराकपुरास जावे. पलीकडचा काठ म्हणजे १८५७ च्या मार्चमध्ये मंगल पांडे यांनी जेथे शस्त्र उचलले ती छावणी. नदी येथे भरती-ओहोटीची आहे. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार तीव्र होतो, तेव्हा वडीलधाऱ्यांचा हात धरावा. नावेत भाजीवाल्या, शाळकरी मुले, सायकली, सारे एकत्र उभे असतात. काही मिनिटांचाच हा प्रवास. परंतु दोन्ही काठ एकाच वेळी दिसतात ते फक्त येथेच. बराकपुराहून लोकलने सियालदह, आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेल्या मेट्रोच्या टप्प्यामुळे तेथून थेट एस्प्लनेड. फेरा पूर्ण झाला.

मोटारीचा आम्हांस द्वेष नाही. आजारी माणसास, तान्ह्या मुलास तीच योग्य. परंतु मोटारीत आपण आपल्याच मंडळींत बसतो. नावेत आणि लोकलमध्ये बंगाली माणसांत बसतो. परप्रांती राहणाऱ्या मंडळाचे प्रयोजनही याहून निराळे नाही. आपली भाषा घरात जपावी आणि शेजाऱ्यांच्या नावेत बसावे, या दोन्ही गोष्टी करणाऱ्यांमुळेच अशी मंडळे पन्नास वर्षे टिकतात.

म्हणून एक विनंती करून आम्ही थांबतो. मंडळाच्या वार्षिक सहलीसाठी या वर्षी बस ठरवू नये. सर्वांनी सकाळी एस्प्लनेडला जमावे आणि मुलांना श्रीरामपूर दाखवावे. आपली भाषा किती दूरवर जाऊन छापली गेली, हे त्यांना तेथे उभे राहून कळू द्यावे.