दूरस्थ सहकार्याचे संशोधन आणि चेहऱ्याचा मोह
(अध्यक्षीय भाषण)

वर्षभरातील संशोधनाचा आढावा घेणे हे परिषदेच्या अध्यक्षाचे कर्तव्य असते. परंतु दूरस्थ सहकार्य, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या माणसांनी एकच काम मिळून करणे, या विषयाच्या अभ्यासात एक खोड इतकी मुरली आहे, की तिचा समाचार घेतल्याशिवाय आढाव्याला अर्थ उरत नाही. ही खोड म्हणजे चेहऱ्याचा मोह: समोरच्याचा चेहरा दिसला की सहकार्य साधले, असे मानणे.

मोह जुना आहे. एटी अँड टी कंपनीने १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात बोलणाऱ्याचा चेहरा दाखवणारा पिक्चरफोन मांडला, १९७० मध्ये पिट्सबर्ग येथे त्याची सेवा सुरू केली आणि काही वर्षांतच ती गुंडाळली. ही सेवा सुरू होण्याआधीच, ९ डिसेंबर १९६८ रोजी, संगणक संशोधक डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोत केलेल्या संगणकाच्या प्रात्यक्षिकात मेन्लो पार्कमधील सहकाऱ्याचा चेहरा पडद्याच्या कोपऱ्यात होता आणि मुख्य जागा दोघांना एकाच वेळी दिसणाऱ्या मजकुराला होती; थोरले काय आणि धाकटे काय, याचा निवाडा खरे तर तेथेच झाला होता. चेहरा निरुपयोगी आहे असे नव्हे. हिरोशी इशी यांच्या क्लिअरबोर्डमध्ये, म्हणजे दोन ठिकाणच्या माणसांनी मिळून रेखाटण्याच्या फळ्यात, समोरच्याचा चेहरा काचेपलीकडे असल्यासारखा दिसे आणि त्याची नजर आकृतीच्या नेमक्या कोणत्या भागावर आहे ते कळे. तेथे चेहरा कामाच्या सेवेत होता.

यावर आभासी विश्वांचे, म्हणजे संगणकाने उभारलेल्या त्रिमितीय जागांचे, पुरस्कर्ते म्हणतात, की चेहरा दिसतो पण कामाची जागा सामायिक होत नाही, ही चित्रसंभाषणातील उणीव प्रतिदेह, अर्थात माणसाच्या वतीने त्या जागेत वावरणारी आकृती, भरून काढतो. अध्यक्षांनी दीर्घ व्यवसायात पाहिलेला एक प्रसंग या वादाला पुरेसा आहे. ऐन गळीत हंगामात एका साखर कारखान्यातील पंपाची ग्लँड, म्हणजे दांड्याभोवतीची गळती रोखणारी, नटांनी आवळलेली कडी, गळू लागली, अभियंता पुण्यात होता आणि फिटरच्या समोर उभा राहून हेल्पर मोबाइल धरत होता. “डावीकडचा सैल कर,” असे अभियंत्याने सांगितले; त्याची डावी ती फिटरची उजवी असल्याने भलताच नट सैल झाला आणि पाणी अधिकच उसळले. दोन-तीनदा असे झाल्यावर फिटरने खिशातला खडू काढून नटांशेजारी १ आणि २ असे आकडे लिहिले, “आता नंबरानं सांगा, सायेब,” एवढे म्हटले आणि काम मार्गी लागले. त्या सबंध वेळात कोणी कोणाचा चेहरा पाहिला नाही.

जॉन हिंडमार्श आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आभासी खोलीत फर्निचर मांडणाऱ्यांचा अभ्यास केला, तेव्हा बोलणाऱ्याला कोणती वस्तू अभिप्रेत आहे ते न कळण्याची हीच अडचण दिसली: दृष्टिक्षेत्र अरुंद असल्याने दाखवणारा हात दिसला तर दाखवलेली वस्तू दिसेना, आणि वस्तू शोधावी तर हात नजरेआड होई. प्रतिदेह होता, खोली होती, तरी ‘हे’ म्हणजे काय ते कळत नव्हते. इतके स्वच्छ निरीक्षण हाताशी असूनही सहभागींना ‘समोरचा जवळ असल्यासारखे किती वाटले’ असे विचारणाऱ्या प्रश्नावल्यांचे ढीग वाढतच गेले, आणि काम झाले की बिघडले हे त्यांतून कळत नाही, याची खंत फारशी कोणाला वाटली नाही, हे या शाखेला शोभणारे नाही.

म्हणूनच कारखाने, शेतावरील सल्ला आणि दूरवैद्यक या क्षेत्रांतील प्रत्यक्ष कामाच्या चित्रीकरणांचा संग्रह परिषदेने उभारावा, असा विचार आहे. त्याचा आराखडा आणि खर्चाची तजवीज यथावकाश कार्यकारिणीपुढे येईल. तूर्त विनंती एवढीच, की पुढील अधिवेशनासाठी निबंध पाठवणाऱ्यांनी प्रश्नावलीच्या जोडीला कामाचे एक तरी चित्रीकरण पाठवावे. त्यात चेहरे नसले तरी चालतील, हात आणि वस्तू मात्र दिसल्या पाहिजेत.